भिंतीवरचे सात नियम: लॅपटॉपच्या बॅटरीची काळजी नेमकी कोणी घ्यायची?



मागच्या लेखात लिथियम-आयन बॅटरी म्हातारी कशी होते, ते लिहिलं होतं. त्यानंतर ओळखीतल्या जवळपास प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: "ते सगळं ठीक आहे गं, पण लॅपटॉप सतत चार्जिंगला लावून ठेवला तर चालतो का?" चार वर्षं याच विषयात पीएचडी करणाऱ्या बाईला याचं सरळ उत्तर देता येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे. आज ते द्यायचा प्रयत्न करते. पण त्याआधी एका कागदाचं परीक्षण करायचंय.

तो कागद आमच्या अकोल्याच्या घरी, धाकट्या भावाच्या खोलीत भिंतीवर चिकटवलेला होता. "लॅपटॉप दीर्घकाळ टिकवण्याचे सात नियम." कुठल्या तरी ग्रुपवर आलेले, त्याने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेले. भाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. लॅपटॉप बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेऊन दिलेला, त्यामुळे तो त्याने जिवापाड जपला.

मे महिन्यात घरी गेले, तर लॅपटॉप टेबलावर डुगडुगत होता. मला वाटलं टेबलाचा पाय आखूड आहे. कागदाची घडी करून पायाखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी टचपॅडचं क्लिक होईना. मग लॅपटॉप उलटा केला, तर तळाचं झाकण मधोमध फुगलेलं. आतली बॅटरी पुरीसारखी टम्म झाली होती. बॅटरीवर संशोधन करणाऱ्या बाईने टेबलाखाली कागद लावला, हे माझ्या गाईडना कृपया कोणी सांगू नका.

"ताई, मी तर सगळे नियम पाळले होते," भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा असा, की जणू चूक त्याचीच.

तेव्हापासून तो कागद माझ्या डोक्यातून जात नाही. आमच्याकडे शोधनिबंध छापण्याआधी परीक्षकाकडे जातो. तसं मी या कागदाचं परीक्षण करणार आहे. कारण तुमच्याही घरात, भिंतीवर नसला तरी डोक्यात, हाच कागद चिकटवलेला असण्याची दाट शक्यता आहे.

नियम काय होते?

१. नवीन लॅपटॉप वापरण्याआधी १२ तास चार्ज करा.
२. बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.
३. महिन्यातून एकदा पूर्ण रिकामी करून पूर्ण भरा.
४. १०० टक्के होताच पिन काढा, नाहीतर ओव्हरचार्ज होऊन बॅटरी जळते.
५. बरेच दिवस वापरणार नसाल तर फुल चार्ज करून ठेवा.
६. गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नका.
७. स्क्रीन गार्ड आणि कीबोर्ड कव्हर लावा.

एकदा पुन्हा वाचा. सातपैकी पाच नियम फक्त चार्जिंगचे आहेत. उष्णतेशी संबंध असलेला एकच, सहावा, आणि त्याचंही कारण दिलेलं नाही. माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. पण तो समजायला आधी बॅटरीच्या आत डोकवावं लागेल.

दुधावरची साय

लॅपटॉपच्या बॅटरीत एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला बहुतेकदा कोबाल्टयुक्त ऑक्साइड, आणि मध्ये एक द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, वापरताना परत येतात. झोपाळ्यासारखं. याच झोपाळ्यासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता गंमत अशी, की चार्ज झालेल्या ग्रॅफाइटला तो द्रव सोसवत नाही. दोघांची गाठ पडली की प्रक्रिया होते आणि ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा. हा पापुद्रा उपकारकच असतो, कारण तो पुढची प्रक्रिया मंदावतो. तो नसता तर ही बॅटरी चाललीच नसती. पण तो पूर्ण थांबत नाही. हळूहळू जाड होत राहतो, आणि जाड होताना थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम पुन्हा झोपाळ्यावर बसत नाही. तुमचा लॅपटॉप पूर्वी पाच तास चालायचा आणि आता तीनच चालतो, त्याचं मोठं कारण ही साय.

साय भराभर कशाने वाढते? मुख्यत्वे दोन गोष्टींनी. एक, उष्णता. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. दोन, बॅटरी भरलेली राहणं. पूर्ण भरलेल्या सेलचं व्होल्टेज ४.२ किंवा त्याहून थोडं जास्त असतं. त्या ताणाखाली द्रव दोन्ही बाजूंना जास्त वेगाने बिघडतो. बिघडताना वायूही तयार होतात, आणि सेलचं पाकीट बंद असल्यामुळे ते आतच साठतात. बॅटरी फुगते ती यामुळे.

थोडक्यात, गरम आणि भरलेली हे दोन्ही एकत्र आले की सगळ्यात वाईट. एवढं लक्षात ठेवलंत तरी लेख वसूल.

आता कागदाकडे

पहिला नियम, १२ तासांचा. हा निकेलच्या जमान्यातला. निकेलच्या नव्या बॅटरीला सुरुवातीला सावकाश आणि जास्त वेळ चार्ज करणं योग्य असायचं. लिथियम-आयनचं पहिलं चार्जिंग कारखान्यातच, काळजीपूर्वक होतं. ती पहिली साय तिथेच धरते. घरी आणून तुम्ही १२ तास लावा की दोन, काही फरक नाही. नियम निरुपयोगी, पण निरुपद्रवी.

दुसरा नियम, पूर्ण संपवून मगच लावा. हाही निकेल-कॅडमियमचाच वारसा. त्या बॅटऱ्या ठरावीक पातळीपर्यंतच वापरून पुन्हा पुन्हा भरल्या, तर त्यांना जणू त्या पातळीची सवय लागायची आणि व्होल्टेज लवकर पडायचं. तिलाच 'मेमरी इफेक्ट' म्हणत. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. म्हणजे तीस वर्षं उलटून गेली, पण सल्ला अजून जुन्याच बॅटरीचा चाललाय. घरात गॅस आल्यावरही कोणी चुलीतली राख काढायला सांगावी, तसं. आणि हा नियम निरुपद्रवी नाही. रोज शून्यापर्यंत जाणं लिथियम-आयनला जास्त झिजवतं. ५० टक्क्यांवर लावली, ८० वर काढली, तरी तिची काही तक्रार नसते. माझा भाऊ दोन वर्षं इमानेइतबारे ती रोज शून्यावर आणत होता.

तिसऱ्या नियमात तथ्याचा एक कण आहे. स्क्रीनवर दिसणारा टक्का म्हणजे एका चिपने केलेला हिशेब असतो, आणि तो कधी कधी चुकतो. ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप धाडकन बंद पडतो, तो या चुकीमुळे किंवा बॅटरी खरंच थकल्यामुळे. अशा वेळी एकदा पूर्ण भरून, मग बरीच खाली आणून पुन्हा भरली, तर हिशेब सुधारतो. पण सुधारतो तो हिशेब, बॅटरी नव्हे. वजनकाटा दुरुस्त केला म्हणून माणूस बारीक होत नाही.

चौथा नियम वाचून मला हसू आणि कणव दोन्ही आलं. भाऊ रात्री गजर लावून उठायचा, पिन काढायला. ओव्हरचार्ज होत नाही हो. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं आणि लॅपटॉप थेट अडॅप्टरवर चालतो. पण नियम चुकीच्या कारणासाठी अर्धा बरोबर आहे. प्रश्न 'जास्त भरण्याचा' नाही, 'भरलेलीच राहण्याचा' आहे. दिवसचे दिवस १०० टक्क्यांवर, त्यात गरम लॅपटॉपच्या पोटात, म्हणजे सायीला अगदी मंद आच. यावर उपाय गजर नव्हे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. भावाच्याही होती. त्याला ती असल्याचं माहीतच नव्हतं, कारण ती कंपनीच्या एका वेगळ्या ॲपमध्ये, चौथ्या पानावर दडलेली होती.

पाचवा नियम सरळसरळ उलटा आहे. महिनाभर वापरणार नसाल तर साधारण ४०–५० टक्क्यांवर बंद करून, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. फुल ठेवलीत तर साय वाढते. पूर्ण रिकामी ठेवलीत तर त्याहून वाईट. सेलचं व्होल्टेज फार खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळू लागतं, आणि सुरक्षेसाठी सर्किट ती बॅटरी पुन्हा चार्जच करू देत नाही. दिवाळीत कपाटात ठेवलेला जुना लॅपटॉप उन्हाळ्यात सुरू होत नाही, त्यामागे अनेकदा हेच असतं.

सहावा नियम शंभर टक्के बरोबर, आणि तोच सगळ्यात दुर्लक्षित. बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून हवा ओढतात. गादीवर ठेवला की नाक दाबलं. प्रोसेसर ९५–१०० अंशांपर्यंत तापतो आणि मग स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणून लॅपटॉप 'स्लो' होतो आणि लोक व्हायरस शोधत बसतात. ती उष्णता शेजारच्या बॅटरीलाही शेकते.

सातवा नियम बॅटरीचा नाहीच, विक्रीचा आहे. त्यात काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात किंवा उष्णता सोडतात. तिथे ते रबरी कव्हर म्हणजे मे महिन्यात स्वेटर.

परीक्षकाचं परीक्षण

इथवर वाचून वाटेल, की चूक त्या फॉरवर्डची. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडा दोष आमच्या क्षेत्राकडेही येतो.

बॅटरीच्या जाहिरातीत 'इतके सायकल' असा आकडा असतो. एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० मिळून एक. हा आकडा प्रयोगशाळेतून येतो. आम्ही सेल एका पेटीत ठेवतो, तापमान बहुधा २५ अंशांवर स्थिर ठेवतो, आणि यंत्राने चार्ज-डिस्चार्ज करत राहतो. आलेख छान उतरता येतो आणि निबंध छापून येतो. पण २५ अंशांची पेटी आणि अकोल्यातली स्लॅबखालची खोली यांचा काय संबंध? विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. लॅपटॉपच्या पोटातलं तापमान त्याच्याही वर.

शिवाय टेबलावर पिन लावून ठेवलेला लॅपटॉप सायकल फारसे करतच नाही. तो नुसता बसून म्हातारा होतो. याला आम्ही 'कॅलेंडर एजिंग' म्हणतो. त्यावर काम होतं, नाही असं नाही. पण खरं मोजायचं तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं, आणि फेलोशिप असते पाच वर्षांची. म्हणून मग तापमान वाढवून प्रयोग लवकर उरकतात. त्यातही अडचण अशी, की जास्त तापमानाला होणाऱ्या काही प्रक्रिया नेहमीच्या तापमानाला तशा होतच नाहीत. तेव्हा आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या लॅपटॉपचा नसतो. गाडीचं ॲव्हरेज कंपनीच्या ट्रॅकवर मोजलेलं असतं आणि आपण ती घाटात चालवतो, तसंच हे.

'काळजी' या शब्दावर माझा आक्षेप

पण सगळ्यात मोठा आक्षेप कुठल्याच नियमावर नाही. तो या सगळ्या लेखनप्रकारावर आहे. 'लॅपटॉपची काळजी कशी घ्याल' या प्रकारच्या मजकुरात एक गृहीत असतं: बॅटरी बिघडली म्हणजे वापरणाऱ्याने हयगय केली. म्हणून भाऊ फुगलेली बॅटरी बघून ओशाळला. कोणी असं का लिहीत नाही, की बॅटरी ही झिजणारीच वस्तू आहे? सायकलच्या टायरसारखी. टायर झिजला म्हणून आपण स्वतःला दोष देत नाही, बदलतो. मग लॅपटॉपच्या बाबतीत खरा प्रश्न 'कशी टिकवाल' एवढाच नाही, 'सहज बदलता येते का' हाही आहे.

आमच्याबाबतीत काय झालं ते ऐका. कंपनीच्या सेवा केंद्रात त्यांनी फुगलेली बॅटरी काढून ठेवून घेतली, हे चांगलं केलं. मग म्हणाले, बॅटरी वेगळी मिळत नाही, कीबोर्डसकट वरचा अख्खा भाग बदलावा लागेल. सांगितलेली रक्कम नव्या लॅपटॉपच्या निम्म्याच्या आसपास. बाबा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसत बसले.

तो लॅपटॉप, बॅटरीशिवाय, मी पुण्याला आणला आणि तपकीर गल्लीत घेऊन गेले. तिथल्या काकांनी झाकण उघडलं आणि बॅटरीकडे न बघता आधी पंख्याकडे बघितलं.

"मॅडम, हा कधी साफ केला होता?"

पंख्यापुढच्या तांब्याच्या पट्ट्यांवर धुळीची चक्क गादी बसली होती. चिमट्याने धरून त्यांनी ती अख्खी सोलून काढली. "आधी हे. नाहीतर नवी बॅटरीपण वर्षात फुगेल." एका लॅपटॉपवरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. पण भिंतीवरच्या सात नियमांत पंख्याचा उल्लेख नव्हता, आणि चाळीस सेकंदांत काकांनी नेमकं तेच दाखवलं. जुना गोंद खरवडून, जुळणारी बॅटरी बसवून, पंखा साफ करून आणि थर्मल पेस्ट बदलून चार हजारांत काम झालं. म्हणजे बॅटरी बदलता येत होती. बदलता येऊ नये अशी ती बसवलेली होती.

याबाबत जगात हालचाल सुरू आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर 'दुरुस्तीयोग्यता' किती, याचे दहापैकी गुण छापावे लागतात. उघडायला किती सोपं, सुटे भाग मिळतात का, त्यांची किंमत काय, यावर हे गुण ठरतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता-बदलता यावी, अशी अट आहे, काही अपवाद वगळता. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण दुकानात लॅपटॉप घेताना आपण रॅम विचारतो, प्रोसेसर विचारतो, रंगही विचारतो. "बॅटरी बदलायची झाली तर कशी आणि कितीला?" हे विचारताना मी अजून कोणाला ऐकलेलं नाही.

माझा निकाल

परीक्षक म्हणून माझा शेरा: मोठ्या दुरुस्त्यांची गरज. त्या मीच करून दिल्या. भावाच्या भिंतीवर आता नवा कागद आहे, पाच ओळींचा.

एक, गरम होऊ देऊ नकोस. कडक पृष्ठभागावर ठेव, उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नकोस, आणि वर्षातून एकदा पंखा साफ करून घे. घरी फुंकर मारणारं यंत्र वापरायचं असेल तर लॅपटॉप बंद करून, पंख्याचं पातं काडीने अडवून धर. नाहीतर तो वाऱ्याने भलत्या वेगात फिरून बिघडू शकतो.

दोन, टेबलावर कायम पिन लावलेली असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० वर ठेव.

तीन, भारनियमन असेल किंवा दिवसभर बाहेर जायचं असेल तर खुशाल १०० कर. बॅटरी आपल्यासाठी आहे, आपण बॅटरीसाठी नाही. एका दिवसाच्या १०० ने काही बिघडत नाही.

चार, सहा महिन्यांनी एकदा आकडे बघ. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता, असे दोन आकडे असतात. समजा मूळ ५०,००० मिलिवॅट-तास आणि आता ३८,०००, तर ७६ टक्के उरली. अंदाज आणि अपराधभावापेक्षा हा आकडा बरा.

पाच, लॅपटॉप डुगडुगला, झाकण उचकटलं किंवा टचपॅड अडलं, तर वापर आणि चार्जिंग लगेच थांबव. दाबायचं नाही, टोचायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही. सरळ जाणकाराकडे न्यायचं. आणि टेबलाखाली कागद तर अजिबात लावायचा नाही.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, लावून ठेवला तर चालतो, फक्त थंड ठेवा आणि जमलं तर ८० वर थांबवा. यापेक्षा जास्त जीव त्यात घालू नका.

भावाने जुना कागद काढला, तेव्हा मागे भिंतीचा रंग निघाला. "नियमांचा एवढा तरी परिणाम झाला म्हणायचा," तो म्हणाला. रात्रीचा गजर मात्र त्याने अजून काढलेला नाही. म्हणतो, आता उठायची सवयच लागली, तर अभ्यासच करतो.